रवा लावलेला ब

आमच्या बालवाडीच्या भिंतीवर एक तक्ता होता. क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ग गवताचा. मी तिथे शिकवायला लागले आणि पहिलं काम काय केलं असेल, तर तो तक्ता उतरवला. चारकोपच्या सेक्टरमध्ये वाढणाऱ्या पोराने कमळ पाहिलंय कुठे? खटारा म्हणजे त्याला बाबांची बाइक वाटते, कारण घरात तिला सगळे तेच म्हणतात. गवताचं तर बोलायलाच नको. सोसायटीच्या बागेत त्यावर पाय पडला की वॉचमन शिट्टी मारतो. या पोरांची जगाशी खरी ओळख असते ती खाऊतून. दुसऱ्याचा डबा उघडायच्या आधी, नुसत्या वासावरून, आत काय आहे ते ती सांगतात. मग अक्षरंही खाऊतूनच का शिकवू नयेत, असं माझ्या डोक्यात आलं. आणि माझ्या डोक्यात एकदा काही आलं की मग घरच्यांनाही चैन नाही आणि दारच्यांनाही नाही.

बालवाडी भरते सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. साडेबारापर्यंत वर्ग, आणि ज्यांच्या आया कामाला जातात त्यांची मुलं पुढे संध्याकाळपर्यंत तिथेच, पाळणाघरात. मागे छोटं स्वयंपाकघर, तिथे गॅस आणि आमच्या मावशी. मावशी म्हणायला मदतनीस, पण त्या नसत्या तर पहिल्याच आठवड्यात माझी वाट लागली असती. हॉल देताना सोसायटीने एक अट घातली होती, इथे अंडं-मासळी चालणार नाही. मी लगेच मान डोलावली. मी मूळची घाटकोपरची, आमच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा बंद असायचा, मला त्यात कसली अडचण?

माझं म्हणणं असं, की अक्षर डोळ्याला दिसायच्या आधी तोंडाला कळलं पाहिजे. म्हणून क शिकवताना मी फळ्याकडे गेलेच नाही. प्रत्येकाच्या हातात काकडीची फोड दिली, कचकन चावायला लावली आणि गळ्याला बोट लावून क आत कुठे वाजतो ते शोधायला सांगितलं. म शिकवला तो तोंडात मुरमुरे भरून. ओठ मिटूनही म्हणता येतो तो म, हे पोरांना इतकं आवडलं की त्या दिवशी घरी जाईपर्यंत कुणी तोंड उघडेना. ळ ने कुठलाच शब्द सुरू होत नाही, तेव्हा तो केळ्याच्या पोटात असतो असं मी सांगून टाकलं. त्यावर एका महाभागाने केळं मधोमध मोडून आत शोधलं, आणि सापडला नाही म्हणून भोकाड पसरलं.

सगळ्यात धमाल फ ची. भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं तळहातावर घ्यायची, हात तोंडापाशी धरायचा आणि म्हणायचं, प. सालं जागची हलत नाहीत. मग म्हणायचं, फ. सालं उडून थेट पुढच्याच्या केसांत. प, फ, प, फ. हॉलभर सालंच सालं, मावशी झाडू घेऊन दारात उभ्या, आणि मी, पन्नाशी उलटलेली बाई, जमिनीवर मांडी ठोकून फ फ करत बसलेली. घरी जाताना रिक्षातही मी तळहात तोंडापाशी धरून बघत होते. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

काही आज्यांना हे पसंत नव्हतं. अन्नाशी खेळू नये, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मलाही पटत होतं. म्हणून नियम केला, जे खेळायला घेतलं ते खाऊन संपवायचं. कणकेची अक्षरं केली की मावशी ती तव्यावर भाजणार, तूप-गूळ लावणार आणि ज्याने केलं त्याच्या ताटलीत वाढणार. मग आज्या निवळल्या. आयांना आदल्या दिवशी ग्रुपवर अक्षर कळवायचे, की डब्यात तेच द्या. उ च्या दिवशी झाडून सगळ्या डब्यांतून उपमा निघाला, तेव्हा पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

आणि या सगळ्या गोंधळात एक मुलगी मिठाची गुळणी धरून बसायची.

चार वर्षांची. जूनमध्ये आली, तेव्हापासून तिने वर्गात एक शब्द काढला नव्हता. आई इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, खोट्या दागिन्यांच्या कारखान्यात पॅकिंगला. वडील अंधेरीला कुरियरच्या ऑफिसात. दोघंही मालवणकडचे. घरी तिची टकळी चालू असते, बापाला बोलू देत नाही, असं आई सांगायची. आमच्याकडे मात्र भिंतीला पाठ लावून बसायची, डोळे मोठे करून सगळं बघायची आणि गप्प. तेही चाललं असतं. बोलायचं तेव्हा बोलेल, मी काही घाईतली बाई नाही. पण तिला शूला जायचं असलं तरी ती सांगायची नाही. सकाळपासून दाबून धरायची. मी विचारायचे, मावशी विचारायच्या, हात धरून दारापर्यंत न्यायच्या, ती उंबऱ्याशी पाय रोवून उभी. मग कधी फ्रॉक ओला, कधी पोटात कळ. जुलैत सणकून ताप आला, आणि हे दाबून धरल्यामुळेच झालंय असं डॉक्टरांनी सांगितलं.

तेव्हा घरात ठरलं. आईनेच मला सांगितलं, हॉलच्या दाराशी उभं राहून, माझ्याकडे न बघता. गणपतीला गावी जातील तेव्हा मुलीला तिथेच आजीपाशी ठेवून येणार. तिकडे अंगण आहे, माणसं घरचीच आहेत, तिला कुणाकडे काही मागावं लागणार नाही. वडिलांचं म्हणणं होतं की इथे पोर आजारी पाडून घेण्यात काय अर्थ आहे, आणि ते काही खोटं नव्हतं. परत कधी आणणार, असं मी विचारलं. पहिलीत घालायच्या वेळेला, ती म्हणाली. म्हणजे दोन वर्षं.

मग तिने पहिल्यांदा वर बघितलं. "टीचर, मला ती इथे पाहिजे ओ. तिने नुसतं शू म्हटलं ना, तरी मी घरात भांडेन."

त्या दिवसापासून माझं लक्ष दुसरीकडे कुठे लागेना. फ चा खेळ त्यानंतरचाच. तिच्याही तळहातावर मी सालं ठेवली, आणि सगळे फ म्हणाले तेव्हा तिची सालंही उडाली. मी डोळ्यांनी पाहिलं. मला उभ्या उभ्या नाचावंसं वाटलं. मावशी म्हणाल्या, नुसती फुंकर मारली असेल. मी म्हटलं, फ होता. त्या म्हणाल्या, फुंकर होती. आम्ही दोघी दिवसभर त्यावरून वाद घालत होतो आणि जिने सालं उडवली ती भिंतीला टेकून आमच्याकडे बघत होती.

मग श्रावण लागला आणि आम्ही ब घेतला. पोरांना कणकेचे गोळे दिले आणि सांगितलं, ब ने सुरू होणारं काहीतरी खायचं करा. कणकेच्या गोळ्याला काहीएक न करता बटाटा म्हणता येतं, हे आमच्या हुशार मंडळींच्या चटकन लक्षात आलं. पाहता पाहता सगळीकडे बटाटेच बटाटे. ती मात्र खाली मान घालून काहीतरी करत होती. जवळ जाऊन पाहिलं तर लांबट, चपटं, दोन्हीकडे निमुळतं, आणि एका टोकाला फाटा. मला इतका आनंद झाला की मी जोरात म्हणाले, वा, पान केलंस. मग शिक्षकी खोडीप्रमाणे जोडलं, पण पान तर प चं ना, राणी? आज आपला ब आहे.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि एका बुक्कीत त्या पानाचा चेंदामेंदा केला.

दुसऱ्या दिवशीही ब च होता. तिने पुन्हा तेच केलं. या खेपेला कणकेतला ओवा वेचून एका टोकाला डोळ्यासारखा टोचला. मी म्हणाले, अच्छा, होडी का? पण होडी खातात का कुणी? तिने आइस्क्रीमची काडी घेतली आणि त्या होडीच्या अंगावर तिरक्या चिरा दिल्या. उलटवलं, दुसऱ्या अंगावर दिल्या. मग उठली. वर्गात स्वतःहून न उठणारी ती पोर उठली आणि रव्याच्या ताटापाशी गेली.

हे ताट आम्ही बोटाने अक्षर गिरवायला ठेवतो. परातीएवढं ताट, त्यात बारीक रवा पसरलेला, आणि त्या दिवशी त्यात मी स्वतः काढलेला देखणा ब. तिने आपली वस्तू नेमकी त्या ब वर ठेवली, दाबली, उलटवली, पुन्हा दाबली, आणि उचलून दोन बोटांनी हलकेच झटकली. मी म्हणाले, अगं अगं, रवा गिरवायला आहे, सगळीकडे कणीक चिकटेल.

"बांगडो आसा तो," ती म्हणाली. "तेका रवो लावूक व्हयो."

चांगलं मोठ्याने, खणखणीत. आणि वैतागून, धांदरट सुनेला सासूने सुनवावं तसं.

मला तिथल्या तिथे घाम फुटला. बांगडा तळायच्या आधी त्याला दोन्ही अंगांना चिरा देतात, त्यात मसाला चोळतात, मग रव्यात घोळवतात, हे मला कोण सांगणार? मी मासळी बघितली ती बाजारातून नाकाला पदर लावून पळताना. पोरीने दोन दिवस ब अगदी बरोबर धरला होता आणि तिची टीचर पान म्हण, होडी म्हण करत बसली होती. दुसऱ्या कुणाला राग आला असता तर त्याने भांडण काढलं असतं. तिने फक्त तोंड उघडलं, आणि तिच्यासाठी ती मोठी गोष्ट होती.

मी मावशींना हाक मारली ती बहुतेक दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली असेल. त्या धावत आल्या, माझ्या तळहातावरची वस्तू बघितली आणि क्षणात ओळखली. म्हणाल्या, श्रावणात बांगडा? म्हटलं, तवा ठेवा, तेल सोडा, दोन्हीकडून तळा. मावशींनी तो कणकेचा बांगडा असा खरपूस तळला की सगळा वर्ग स्वयंपाकघराच्या दारात गोळा झाला. तिने तो एकटीने खाल्ला नाही. तुकडे केले आणि वाटले, शेपटी स्वतःकडे ठेवली.

त्यानंतर वर्गाचा ताबा तिने घेतला. खाऊच्या तासाला भिंत सोडून पुढे येऊन बसायला लागली आणि एकेक मासा काढायला लागली. स सुरमईचा, प पापलेटचा, क कोलंबीचा, त तिसऱ्यांचा, म्हणजे शिंपल्यांचा. ज्यांच्या घरात मासा कधी शिजला नाही ती पोरंही तोंडाला पाणी सुटल्यासारखी ऐकायची. ह वर तर जुंपलीच. एक म्हणाला हलवा गोड असतो, ती म्हणाली हलवा काळा असतो आणि त्याला काटे असतात, आणि दोघंही मागे हटेनात. मी मध्ये पडले नाही. मी पदराने डोळे पुसत होते, हसून की कशाने ते मलाच ठाऊक नाही.

ही बातमी ग्रुपवर गेली आणि सोसायटीचे सेक्रेटरी हॉलमध्ये येऊन उभे राहिले. एका आजोबांनी तक्रार केली होती की श्रावणात हॉलमध्ये मासळी शिजते. मी त्यांना रव्याचं ताट दाखवलं आणि म्हटलं, "मासा आला नाही हो, त्याचं अक्षर आलंय." ते ताटाकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले की ते स्वतः आषाढ संपल्यापासून कोरडेच आहेत, पोरांपुढे बांगड्याचं नाव जरा कमी काढलं तर बरं होईल.

बांगडा तळला त्याच संध्याकाळी थांबून आईला सांगितलं होतं, तेव्हा ती आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. बांगडा म्हणाली? सगळ्यांसमोर? आणि मग तिचा चेहरा उतरला, कारण दुसरा प्रश्न तिच्या ओठांवर होता आणि उत्तर मलाही माहीत होतं. नाही. खाऊचा तास संपला की पोर पुन्हा भिंतीपाशी, पुन्हा गप्प, पुन्हा पाय आवळून. पुढे मासळीबाजार सगळा येऊन गेला, तो एक शब्द मात्र येत नव्हता. घरात गावी जायच्या बॅगा काढल्या होत्या. मुलीचे कपडे वेगळ्या बॅगेत भरायचे, असं आई म्हणाली.

मी ठरवलं, आता श. खरं म्हणजे पाळी व ची होती. पण वड्यापेक्षा मला गरज श ची होती. डबे आले शेवेचे, शंकरपाळ्यांचे, शिऱ्याचे. खेळ असा, की कुणाच्याही बोलण्यात श चा शब्द आला की सगळ्यांनी तोंडावर बोट ठेवून म्हणायचं, श. पोरांना हे इतकं चढलं की मावशींनी साधी शेगडी म्हटली तरी अख्खा वर्ग त्यांना गप्प करायचा.

आणि गणपतीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मी नाक्यावरच्या माणसाकडून शहाळी आणली. श शहाळ्याचा. सकाळीच आणली, प्रत्येकाला स्ट्रॉ दिला आणि पोटभर पाणी पाजलं. मावशींनी माझ्याकडे रोखून बघितलं. हे प्यायल्यावर काय होणार ते माहीत आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्यासाठीच तर आणलीत. मग मी वर्गाला सांगितलं, आज टीचर कुणाला विचारणार नाही, मावशीही विचारणार नाहीत. ज्याला जायचं त्याने येऊन सांगायचं. मावशींना हे अजिबात आवडलं नाही. जमलं नाही तर तिचा शेवटचा दिवस ओल्या फ्रॉकमध्ये जाणार होता, आणि तो माझ्यामुळे.

थोड्या वेळाने सुरू झालं. एक आला, टीचर शू. सगळे ओरडले, श. दुसरी आली. श. रांगच लागली. मावशींची नुसती पळापळ. मी रव्याच्या ताटापाशी बसून गिरवून घेत होते आणि तिच्याकडे बघायचं नाही म्हणून जिवाच्या आकांताने खाली बघत होते. ती भिंतीपाशी होती. मग उभी राहिलेली दिसली. मग एका पायावर. मला उठून तिला उचलून न्यावंसं वाटत होतं, हात शिवशिवत होते. मी ताटातल्या श ला आणखी एक वळण देत बसले.

माझा पदर ओढला गेला.

"टीचर, शू."

"श," अख्खा वर्ग ओरडला.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी उठताना ताट कलंडलं, रवा माझ्या साडीभर झाला, आणि तिला कडेवर घेऊन मी अशी पळाले की गुडघेदुखी कुठच्या कुठे गेली. आत पोचल्यावर तिने मला बाहेर जायला सांगितलं. दार लाव, म्हणाली. मी दार लावलं आणि बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. मावशी आल्या, काय झालं म्हणून विचारलं. मी नुसतं दाराकडे बोट दाखवलं. त्यांनी कान देऊन आतला आवाज ऐकला आणि देवाला करतात तसा दाराला नमस्कार केला.

संध्याकाळपर्यंत मी थांबले. माझी वेळ कधीच संपली होती, पण हे सांगायचा मान मी दुसऱ्या कुणाला देणार नव्हते. आई आली. मी सांगितलं. तिने विचारलं, स्वतः म्हणाली? म्हटलं, स्वतः. तुम्ही विचारलं नव्हतं? म्हटलं, नाही. कशी म्हणाली ते सांगा ना, ती म्हणाली, आणि मी तिला म्हणून दाखवलं, पदर ओढण्यासकट. ती तिथेच पायरीवर बसली. मुलगी शंकरपाळे खात तिच्या शेजारी बसली होती आणि हे सगळं कुणाबद्दल चाललंय याची तिला काही पडलेली नव्हती.

मग आईने फोन काढला आणि नवऱ्याला लावला. येतानाची तीन तिकिटं कर, म्हणाली. पलीकडून तो काहीतरी सांगत होता, बहुधा गणपतीतल्या बसबद्दल, बहुधा जागा नसल्याबद्दल. तिने सगळं ऐकून घेतलं. "फुल आसा तर आसांदे," ती म्हणाली. "मी तिका मांडयेर घेवन येतलंय."